पहिली गियरची गाडी घेताना सीसी नंतर बघ, आधी पाय आणि डावा हात बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा की वय २४, उंची पाच फूट दोन, राहायला कळवा, ऑफिस महापे एमआयडीसीत, आतापर्यंत फक्त स्कूटर चालवलीये, गियरची गाडी कधीच नाही, बजेट दीड लाख ऑन रोड आणि ताणलं तर थोडं जास्त, मनात रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० आहे, ऑफिसातले मित्र म्हणतात यामाहाची आर१५ नाहीतर केटीएमची ड्यूक २०० घे, आणि बाबा म्हणतात होंडाची शाइन घे नाहीतर आहे ती स्कूटरच ठीक आहे. मी बरीच वर्षं ठाण्यात गॅरेज चालवलं, आता रविवारी सकाळी खारघरला नवशिक्यांना गियरची गाडी शिकवतो, आणि त्यात स्कूटरवरून येणाऱ्या मुली बऱ्याच असतात, त्यामुळे तुझी अडचण मला नीट माहितीये. जरा लांब लिहितोय, सवडीने वाच.

आधी उत्तर सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. तुझ्या जागी मी यामाहा एफझेड किंवा होंडा युनिकॉर्न घेतली असती, नवी परवडत नसेल तर तीन-चार वर्षं जुनी, आणि क्लासिक वर्ष-दीड वर्षाने. शाइन वाईट अजिबात नाही, बाबांचं ऐकून शाइन घेतलीस तरी माझी काही हरकत नाही. आर१५ आणि ड्यूकला मात्र आत्ता माझा सरळ नकार आहे.

का, ते सांगतो. नवीन माणसाची गाडी ऐंशीच्या स्पीडला क्वचित पडते, ती पडते शून्य ते दहाच्या मध्ये. सिग्नलला थांबताना, यू टर्न मारताना, पंपावर लाइनीत पुढे सरकवताना, सोसायटीच्या उतारावर, पार्किंगमधून मागे ओढताना. शिकवताना मी हेच बघत आलोय, सरळ रस्त्यावर तिसऱ्या गियरला सगळे मस्त चालवतात, अगदी पहिल्या दिवशी सुद्धा, आणि मग थांब म्हटलं की हँडल एका बाजूला वळलेलं, पुढचा ब्रेक करकचून दाबलेला, पाय जमीन शोधतोय आणि गाडी आडवी. त्यामुळे टॉप स्पीड किती आणि शंभरला किती सेकंदात जाते या माहितीचा तुला आत्ता काही उपयोग नाही, तुला बघायचंय ते एवढंच की पाच-दहाच्या स्पीडला ही गाडी तुझं ऐकते का.

तुझाच रस्ता घे. कळवा नाका ते विटावा हा पट्टा सकाळी साडेनऊला कसा असतो ते तुला मी सांगायला नको, रिक्षा, टीएमटीच्या बस, टेंपो, मधूनच घुसणारे बाइकवाले, आणि विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली तर पावसाळ्यात पाणी साचलं की खड्डा कुठे आणि रस्ता कुठे काही कळत नाही. तिथे गाडी सलग चालतच नाही, दोन फूट पुढे, थांब, परत तीन फूट, थांब. स्कूटरवर याचं काही वाटत नाही, ॲक्सिलरेटर सोडला की झालं. गियरच्या गाडीवर हे सगळं हाफ क्लचवर, म्हणजे डाव्या हाताचा क्लच लिव्हर अर्धवट दाबून ठेवून, करायचं असतं, डाव्या हाताची बोटं भरून येतात, आणि उजवा पाय ब्रेकवर ठेवायचा म्हणजे टेकायला फक्त डावा पाय उरतो. पुढे दिघा सोडलं की ठाणे-बेलापूर रोड मोकळा होतो, तिथे साठ-पासष्टने बाकी ट्रॅफिकबरोबर राहता आलं पाहिजे, कारण मागून टँकर आणि कंपन्यांच्या बसेस येत असतात आणि तू मधल्या लेनमध्ये चाळिशीने चाललीस तर ते अगदी मागे चिकटून येतात. म्हणजे गाडी हळू चालताना गरीब हवी आणि साठला दमायला नको, एवढीच तुझी मागणी आहे, आणि ती १२५ ते १६० सीसीमध्ये आरामात पुरी होते.

आता पाय. शोरूमवाला तुला सीटची उंची मिलीमीटरमध्ये सांगेल. साधारण आकडे असे आहेत, स्प्लेंडर ७८५, एफझेड ७९०, शाइन ७९१, युनिकॉर्न ७९८, अपाचे १६० ४व्ही ८००, क्लासिक ८०५, आर१५ ८१५, हिमालयन ८२५. मॉडेल बदललं की पाच-दहा मिलीमीटर इकडेतिकडे होतं. बघायला गेलं तर शाइन आणि क्लासिकमध्ये फरक दीड सेंटीमीटरचा पण नाही, आणि इथेच लोक फसतात, कारण सीट टाकीजवळ किती रुंद आहे ते या आकड्यात येत नाही. रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि पाय तिरके खाली जातात, त्यात दोन-तीन सेंटीमीटर सहज जातात. त्यामुळे ब्रोशर वाचून ठरवू नकोस, जाऊन बस. बसताना रोज ऑफिसला घालतेस तेच शूज घाल, उंच टाचेचे नकोत. गाडी सेंटर स्टँडवरून काढून सरळ उभी धर आणि दोन्ही पायांचे चवडे एकदम नीट टेकतात का बघ, चवडे म्हणजे नुसती बोटांची टोकं नव्हेत. एका बाजूला जरा सरकून बसल्यावर डावा पाय टाचेसकट टेकला तर उत्तम. शोरूमची फरशी सपाट असते आणि आपले रस्ते तसे नसतात, एक पाय पेव्हर ब्लॉकवर आणि दुसरा त्याच्या बाजूच्या खड्ड्यात असं रोज होतं, म्हणून थोडी शिल्लक हवीच.

पाय अगदी थोडक्यात टेकत नसतील तर सीटवाल्याकडून फोम एखादा इंच कमी करून मिळतो, ठाणे-नवी मुंबईत हे काम करणारे भरपूर आहेत आणि खर्चही फार नाही. पण मागचे शॉकअप बदलून किंवा पुढचा फोर्क सरकवून गाडी खाली करायच्या भानगडीत पडू नकोस, गाडी वळणाला वेगळीच वागायला लागते आणि स्पीडब्रेकरला खालून घासते.

मग वजन. शाइन ११३-११४ किलो, एफझेड १३५-१३६, युनिकॉर्न १४० च्या आसपास, अपाचे १४५ च्या आसपास, क्लासिक १९५. यावर लगेच कोणीतरी म्हणतं की बायकांना बुलेट झेपत नाही, तर ते चूक आहे आणि का चूक आहे ते समजून घे. गाडी सरळ उभी असते तेव्हा वजन टायरवर असतं, तुझ्या हातापायावर नसतंच, दोन बोटांनी धरली तरी उभी राहते. ती जरा कलली की वजन तुझ्याकडे यायला लागतं, आणि जितकी जास्त कलते तितकं ते भराभर वाढत जातं, एका मर्यादेपुढे पैलवानाला पण धरवत नाही. हलक्या गाडीत ती मर्यादा उशिरा येते, तुला चूक सुधारायला वेळ मिळतो, जड गाडीत कलली कधी आणि गेली कधी कळत नाही. म्हणजे इथे ताकदीपेक्षा सवयीचा प्रश्न आहे, सरळ धरायची सवय लागली की १९५ किलो पण चालतं, माझ्याकडे शिकून गेलेल्या आणि तुझ्याएवढ्याच उंचीच्या मुली आज क्लासिक व्यवस्थित चालवतायत. फक्त त्यांनी सुरुवात क्लासिकवर केली नव्हती. आणि गाडी जायलाच लागली तर तिला सोडून बाजूला हो, पाय खाली घालून अडवायला जाऊ नकोस. लिव्हर आणि इंडिकेटर बदलून मिळतात, घोटा नाही मिळत.

शोरूममध्ये एक परीक्षा कर, लाजू नकोस. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलला, तू खाली उतरून डाव्या बाजूला उभी, डावा हात हँडलवर, उजवा हात सीटच्या मागच्या ग्रॅबरेलवर. गाडी दहा पावलं पुढे ढकल, मग हँडल पूर्ण वळवून मागे घे आणि पार्किंगच्या पट्ट्यात लाव. मग सेंटर स्टँड असेल तर त्यावर चढव, त्याला हाताचा जोर लागत नाही, स्टँडच्या कानावर, म्हणजे पाय द्यायच्या बारक्या दांडीवर, पूर्ण वजन टाकून उभं राहायचं असतं. हे सगळं धाप न लागता जमलं तर ती गाडी तुला रोज चालवता येईल. सोसायटीच्या गर्दीत अडकलेली गाडी काढताना हेच करायचं असतं आणि तेव्हा मदतीला कोणी नसतं.

आता डावा हात, ज्याबद्दल शोरूममध्ये कोणी बोलत नाही आणि माझ्या मते स्कूटरवरून येणाऱ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. स्कूटरला डावा लिव्हर म्हणजे ब्रेक. इतकी वर्षं तुझ्या हाताला सवय लागलीये की समोर काही आलं, दचकलं, की डावा हात आवळायचा. गियरच्या गाडीत तिथे क्लच असतो. दचकून तो आवळला की इंजिन मागच्या चाकापासून सुटतं, म्हणजे इंजिनामुळे जो थोडाफार ब्रेक लागत होता तोही गेला, आणि गाडी थांबायच्या ऐवजी तशीच वाहत पुढे जाते. कळव्याच्या पुलावरून उतरताना असं झालं तर उलट वेग वाढतो. तुझ्या डोक्यात मात्र असतं की मी ब्रेक दाबलाय. माझ्याकडे येणाऱ्या स्कूटरवाल्यांकडून मी पहिला एक तास फक्त हे करून घेतो, वीसच्या स्पीडला यायचं आणि उजवा हात आणि उजवा पाय यांनीच थांबवायचं, क्लच अगदी शेवटी, बंद पडली तर पडू दे. बंद पडलेल्या गाडीने कोणाला काही होत नाही.

याला लागूनच दुसरी गोष्ट येते. नवखा माणूस क्लच एकदम सोडतो, गाडी पुढे झेपावते, त्या झटक्याने अंग मागे जातं, अंग मागे गेलं की उजवं मनगट आपोआप खाली वळतं आणि ॲक्सिलरेटर आणखी पिळला जातो. हे एका सेकंदाच्या आत होतं आणि मुद्दाम कोणी करत नाही. शाइनमध्ये १०-११ पीएस (म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच) ताकद आहे, तिथे हा प्रकार म्हणजे एक हिसका आणि बंद. ड्यूक २०० मध्ये २५ पीएस आहे आणि गियरिंग असं आहे की पहिल्या गियरला ती उसळतेच, तिथे हाच प्रकार म्हणजे तू पुढच्या रिक्षाच्या मागच्या सीटवर. ड्यूक गाडी म्हणून फार छान आहे, तिची वळणाची पकड, ब्रेक, सगळं मला आवडतं, पण ती चालवणाऱ्याचे हात आधी शांत झालेले लागतात. तुझे मित्र पाच वर्षं बाइक चालवून तुला सांगतायत, ते त्यांच्या हातांचा हिशोब सांगतायत.

आर१५ चं दुखणं वेगळं आहे. १८ पीएसच्या आसपास ताकद, ती एवढी घाबरण्यासारखी नाही, पण हँडल खाली आणि पाय मागे, त्यामुळे अंगाचं वजन मनगटांवर येतं, विटाव्याच्या जॅममध्ये अर्धा तास असं बसलं की क्लच दाबणाऱ्या हातात ताकदच उरत नाही. वर हँडल फार वळत नाही, यू टर्नला जागा जास्त लागते, आणि सीट ८१५. त्याच इंजिनाची सरळ हँडलवाली एमटी १५ आहे, तिच्यावर बसणं बरं पडतं, पण तिची सीटही ८१० आहे.

क्लासिकबद्दल मला आदर आहे, मन तुटावं म्हणून काही सांगत नाही. खरं तर तिचं इंजिन नवशिक्याला सोयीचं आहे, २० बीएचपी (पीएससारखंच ताकदीचं माप) आणि २७ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढ, तोही खालच्या आरपीएमला, क्लच सोडला की ॲक्सिलरेटर न देता पण ती सरकते, सहज बंद पडत नाही. अडचण फक्त १९५ किलोची आणि तुझ्या दीड लाखाच्या बजेटची. हंटर ३५० त्याच इंजिनाची, वजनाला थोडी कमी, १८१ किलो, आणि किंमतही कमी, ती बघ असं कोणी सांगेल, आणि तू रोज मोकळ्या रस्त्याने जाणारी असतीस तर मीही सांगितलं असतं. कळव्यातून रोज निघायचं तर आधी वर्षभर १४० किलोच्या गाडीवर हात बसू दे.

युनिकॉर्न म्हणजे १६३ सीसी, १३ पीएसच्या जवळ, इंजिन एकदम मऊ, क्लच हलका, सीट लांब आणि सपाट, दिसायला साधी म्हणून पोरं नाक मुरडतात. एफझेड १४९ सीसी, १२.४ पीएस, सीट जरा खाली, बसायची पोझिशन सरळ, हँडल रुंद, मागचा टायर १४० मिलीमीटर रुंद त्यामुळे ओल्या रस्त्यावर भरवसा वाटतो. तुझ्या उंचीला मी एफझेडला थोडं झुकतं माप देईन. अपाचे १६० ४व्ही ला १७.५ पीएस आणि राइड मोड आहेत, त्यात रेन मोडला गाडी जरा शांत होते, तुला एफझेड फारच मिळमिळीत वाटली तर ती बघ. बजाज ॲव्हेंजरची सीट फक्त ७३७ मिलीमीटर, पाय नक्कीच टेकतील, पण गाडी लांब आहे, पाय पुढे ठेवून बसायचं असतं, जॅममध्ये वळवताना जड जाते, मला ती तुझ्या रस्त्याला योग्य वाटत नाही.

ब्रेकचं एक बघून घे. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय, २०१९ पासून कंपल्सरी आहे. १२५ आणि खालच्यांना सीबीएस येत आलंय, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचा पण थोडा लागतो, काही १२५ मध्ये एबीएसही मिळतं. सिंगल चॅनल म्हणजे फक्त पुढच्या चाकाला, ड्युअल म्हणजे दोन्हींना. आपल्याकडे जूनमधला पहिला पाऊस पडतो तेव्हा रस्त्यावर वर्षभराचं सांडलेलं ऑइल वर येतं, शिवाय फ्लायओव्हरच्या जॉइंटच्या लोखंडी पट्ट्या, गटाराची झाकणं, पेव्हर ब्लॉक, मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटा, हे सगळं ओलं असताना पुढचं चाक लॉक झालं की सावरायला वेळच मिळत नाही. त्यामुळे शाइन आणि एफझेडमध्ये अडलीस आणि पैसे पुरत असतील तर माझं मत एबीएसवालीला. आणि एबीएस आहे म्हणून हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबायचा असा अर्थ होत नाही, हळू स्पीडला तसं केलं की एबीएस असून पण गाडी पडते. तेव्हा मागचा ब्रेक हळू.

पैशाचं सांगतो. एक्स शोरूम किमतीवर जाऊ नकोस, महाराष्ट्रात रोड टॅक्सच दहा ते बारा टक्क्यांच्या घरात जातो, वर इन्शुरन्स आणि रजिस्ट्रेशन. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे त्याआधीचे जे काही रेट कोणी सांगत असेल ते सोडून दे आणि आजचं कोटेशन लेखी घे, प्रत्येक रक्कम वेगळी लिहून. त्यात हँडलिंग चार्जेस नावाखाली काही दिसलं तर कशाचे म्हणून विचार आणि काढायला लाव. लेगगार्ड, सीट कव्हर, टेफ्लॉन कोटिंग सगळं जबरदस्तीने गळ्यात मारतात, त्यातला लेगगार्ड तेवढा घे. इन्शुरन्स शोरूममधूनच घ्यायचं बंधन नाही, बाहेरचं कोटेशन दाखवलं की त्यांचा रेट बऱ्याचदा खाली येतो. नव्या टू व्हीलरला थर्ड पार्टी पाच वर्षांचा एकदम घ्यावाच लागतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग एक वर्षाचा घेता येतो. झिरो डेप, म्हणजे गाडी जुनी झाली म्हणून पार्टच्या क्लेममधून पैसे न कापणारा इन्शुरन्स, पहिल्या वर्षी घे, पहिल्या वर्षी काही ना काही तुटतंच.

पेट्रोल पण धर. कळवा-महापे जाऊन येऊन पंचवीस किलोमीटर धरलं तर महिन्याला साधारण सहाशे. ५५ ॲव्हरेज देणाऱ्या शाइनला अकरा लिटर, ४५ च्या एफझेडला तेरा-चौदा, ३५ च्या क्लासिकला सतरा. शाइन आणि एफझेडमध्ये महिन्याला दोन-अडीच लिटरचाच फरक पडतो, त्यासाठी एबीएस सोडू नये असं मला वाटतं.

सेकंड हँडचा मी पहिल्या गाडीसाठी मनापासून पक्षपाती आहे. नवी गाडी पडली की जीव हळहळतो, माणूस चालवायलाच घाबरतो, जुनीवर एक ओरखडा जास्त आला तर काही वाटत नाही, आणि दोन वर्षांनी विकताना तोटाही कमी. पण बघायला ओळखीचा मेकॅनिक घेऊन जा. जायच्या आधी मालकाला सांगायचं की गाडी सकाळपासून चालू करू नका, आम्ही आल्यावर करू, कारण गरम इंजिन बरेच आवाज लपवतं. थंड असताना एका सेल्फला चालू झाली पाहिजे, सायलेन्सरमधून निळा धूर नको. सेंटर स्टँडवर लावून पुढचं चाक अधांतरी करून हँडल हळूहळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायचं, मध्येच कुठे खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय. पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर बोट फिरव, तेलकट लागलं तर ऑइल सील गेलेत. चेनसेटचे दात टोकदार झाले असतील तर तो खर्च किमतीतून कमी करून माग. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा, नक्षी चांगली दिसली तरी पाच-सहा वर्षांचा टायर कडक झालेला असतो, पावसात धरत नाही.

आपल्याकडे एक जास्तीचं बघावं लागतं, पुरात बुडलेली गाडी. पावसाळ्यात सखल भागातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पाणी भरतं आणि त्या गाड्या दिवाळीपर्यंत पॉलिश होऊन विकायला येतात. सीट काढून फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यात वाळलेला बारीक गाळ आहे का बघ, मीटरच्या काचेत आतून वाफ धरलीये का, हेडलाइटच्या आत चिखलाची पुसट रेघ आहे का, वायरिंगच्या कपलरमध्ये हिरवट गंज आहे का. यातलं काहीही दिसलं तर किंमत कितीही कमी असो, निघून ये. बीएसफोर या जुन्या प्रदूषण नियमानंतरच्या म्हणजे एप्रिल २०२० पासूनच्या बीएससिक्स गाड्यांत फ्यूएल इंजेक्शन आणि सेन्सर असतात, पाणी गेलेल्या वायरिंगवर त्या कधी कुठे बंद पडतील सांगता येत नाही.

कागद बघताना आरसी वरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः ताडून बघ, एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून मालक, इन्शुरन्स, लोन बघ, ई-चलान थकलेत का बघ. लोन होतं तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८. नंतर करू ट्रान्सफर असं म्हणणाऱ्याकडून घेऊ नकोस.

आणि गाडी बुक करायच्या आधी तुझं लायसन्स काढून बघ. स्कूटरवर काढलेलं असेल तर त्यावर एमसीडब्ल्यूओजी असेल, म्हणजे बिनगियरचं. गियरच्या गाडीला एमसीडब्ल्यूजी लागतं आणि ते वेगळं ॲड करून घ्यावं लागतं, आधी लर्निंग, ते सहा महिने चालतं, तीस दिवसांनंतर टेस्ट देता येते. हे न करता चालवलीस आणि काही झालं तर पोलीस एकीकडे, इन्शुरन्सवाले क्लेमला अडवतात ते वेगळंच. म्हणून लर्निंगचा अर्ज आजच टाक, ते तीस दिवस शिकण्यात जातील.

दीड लाखातले आठ-दहा हजार आधीच बाजूला काढून ठेव. फुल फेस हेल्मेट, आयएसआय मार्कचं, डोक्यात घालून गाल दाबले गेले पाहिजेत आणि पट्टा लावून मागून पुढे ओढलं तर निघून यायला नको. काच पारदर्शकच, काळी नको, ऑफिस सुटेपर्यंत अंधार होतो. ग्लव्हज घे, पडताना सगळ्यात आधी तळहात टेकतात. घोट्याच्या वर येणारे शूज. रेनकोट शर्ट-पँटवाला, पोंचो हवेत उडतो. ओढणी असेल तर जॅकेटच्या आत, बांधून.

शिकायला खारघरला सेंट्रल पार्कच्या बाजूचे रुंद रस्ते रविवारी सकाळी सातच्या आत मोकळे असतात, उलव्याचे आतले रस्ते पण बरे. ते जमलं की ऐरोलीच्या सेक्टरमधले रस्ते, तिथे सिग्नल, सर्कल, रिक्षा सगळं थोडं थोडं मिळतं. मग सुट्टीच्या दिवशी भल्या सकाळी घर ते ऑफिस एकदा जाऊन ये, आणि त्यानंतरच वर्किंग डेला. पाम बीच रोड मोकळा दिसतो म्हणून सुरुवातीला तिकडे जाऊ नकोस, तिथे गाड्या भन्नाट वेगाने येतात. घोडबंदरला गायमुखच्या घाटात कंटेनरच्या डाव्या बाजूने कधीही घुसायचं नाही, त्या ड्रायव्हरला तू दिसतच नाहीस, आणि हे तुझ्या ऑफिसजवळच्या शीळफाटा-महापे रस्त्याला पण तेवढंच लागू आहे. एक्सप्रेसवे आणि अटल सेतूवर टू व्हीलरला बंदी आहे, मॅप लावताना बाइकचा पर्याय निवड नाहीतर तो तिकडेच नेऊन सोडतो.

पाण्यात गाडी बंद पडली तर परत सेल्फ मारू नकोस. इंजिनात पाणी गेलं असेल तर सेल्फ मारल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साध्या सर्व्हिसचं काम इंजिन खोलण्यावर जातं. ढकलत कोरड्यात ने आणि मेकॅनिकला फोन कर. चेन पावसाळ्यात आठवड्याला एकदा पुसून ल्यूब करायची, टायरची हवा पंधरा दिवसांनी, तीही सकाळी टायर थंड असताना.

आणि पहिले दोन-तीन महिने कोणालाही डबल सीट घेऊ नकोस, मैत्रिणीला नाही आणि आईला तर नाहीच. मागे पन्नास-साठ किलो बसले की सीट खाली जाते पण गाडीचा तोल वर जातो, ब्रेकला अंतर जास्त लागतं, आणि मागचा माणूस वळणाला उलट बाजूला झुकला की तुझे हात गोंधळतात. घ्यायचीच वेळ आली तर सुरुवात बाबांपासून कर, ते स्वतः गाडी चालवतात असं तू लिहिलंयस, त्यांना मागे स्थिर बसायचं कळतं. त्यांना हेल्मेट घालून, ग्रॅबरेल धरून, कळव्यातल्या आतल्या रस्त्याला दोन चकरा मारून आण, आणि थांबताना त्यांना पाय खाली टेकू नका म्हणून आधीच सांगून ठेव.